अकरावा गडी पाहिजे

॥ श्री ॥

ठाकूरद्वार, मुंबई.
पौष वद्य पंचमी, शके १८१८.

राजमान्य राजश्री लहूजीराव यांस कुशाबाचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही; त्यातलं जे शोभेल ते ठेवून घ्यावं. (मी नेहमीसारखं 'चिरंजीव लहू' लिहून मोकळा झालो होतो. पण अप्पा म्हणाले, ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याला चिरंजीव म्हणू नये, राव म्हणावं. बायकोच्या धाकट्या भावाला राव म्हणताना हात अडखळतो, पण हे पत्र माझ्या एकट्याचं नाही. अप्पा शिंपी शेजारी बसलेत, दौलत न्हावी ओट्याखाली बसलाय, आणि लिहून झालं की दोघांना वाचून दाखवायचं आहे.)

आम्ही इथे खुशाल आहोत. तुझी बहीण तुळसा खुशाल, भाची नलू खुशाल. देवगडास आई कशी आहे? आगबोटीत सुरू झालेली तिची मळमळ घरी पोचून पंधरा दिवस झाले तरी थांबली नव्हती असं तू लिहिलं होतंस, ती आता थांबली का? मी स्वतः ठणठणीत आहे. छापखान्यात आम्ही अक्षरांचे खिळे लावणारे नऊ जुळारी होतो ते तीन उरलो, त्यामुळे मालकांकडे माझा मान वाढलाय आणि दिवसभर वाकून मानही दुखते. काम सगळं म्युनिसिपालटीच्या सूचनांचं. गाठ दिसताच कळवा, गाठ लपवू नका, गाठीच्या तापाचा माणूस घरात ठेवू नका. एका पानात 'ठ' इतक्या वेळा येतो की पेटीतले खिळेच संपले. मग मालक म्हणाले, गाठीच्या जागी सूज लाव. तसं लावलं, तर म्युनिसिपालटीने सगळे कागद परत पाठवले. म्हणे सुजेला लोक भीत नाहीत.

आता मुख्य विषयाला येतो. तू मार्गशीर्षात गेलास तेव्हा आपला फुटबॉलचा संघ पाचांपैकी दोन सामने खेळून दोन्ही जिंकला होता, आणि शेटजींनी लावलेला चांदीचा पेला ठाकूरद्वारच्या वाटेला लागला होता. तू गेलास तशी उजवी बाजू गेली. पाठोपाठ आणखी एक गडी गेला. उरलेल्या नऊ जणांनी परळच्या गिरणीवाल्यांशी सामना दिला आणि सहा गोल खाल्ले. सहावा त्यांच्या धोंडूने मारला, तेव्हा आपला गोलवाला चेंडू अडवायचा सोडून बाजूला सरकला. नंतर विचारलं तर म्हणतो, "मला बायको आहे."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही सखुबाईच्या चण्याच्या दुकानासमोर ओट्यावर बसतो. विषय एकच, कुठल्या संघाचा कुठला गडी आणायचा आणि त्याच्या बदल्यात आपला कुठला द्यायचा. शेटजींच्या नियमाने ही अदलाबदल रथसप्तमीपर्यंत चालते, म्हणून घाई. (आम्हा तिघांपैकी कोणीही आजवर चेंडूला पाय लावलेला नाही, हे खरं. अप्पांनी मागल्या साली बूड लावलं होतं. आपण एका गोलाने पुढे असताना चेंडू त्यांच्याकडे घरंगळत आला. ते त्यावर जे बसले ते सामना संपेपर्यंत उठले नाहीत.) अप्पांना धोंडूच पाहिजे होता. गिरणीत माग चालतात त्या साचेखात्यातला माणूस, मांड्या म्हणजे खांब, एका लाथेत मैदानाच्या ह्या टोकाचा चेंडू त्या टोकाला. पण त्याच्या तोलाचा देण्याजोगा गडी आपल्याकडे एकच, दौलतचा भाऊ रामू. तू त्याला खेळताना पाहिलं आहेस. पळतो वाऱ्यासारखा, फक्त कुणीकडे पळायचं ते त्याला ओरडून सांगावं लागतं.

"माझा भाऊ म्हणजे बोकड नव्हे," दौलत म्हणायचा.

"बोकड असता तर परळवाल्यांनी दोन गडी दिले असते," अप्पा म्हणायचे.

रामू स्वतः पायरीवर बसून चणे खात हे सगळं ऐकायचा. त्याचं म्हणणं एवढंच असे, "मला परळ लांब पडेल." त्याचं मत कोणी विचारात घेतलं नाही. गड्याचं मत घ्यायला लागलो तर संघ चालायचा कसा?

ओट्यावर एक नियम आहे, तो तुला कळवून ठेवतो. संघातून जो कोणी कमी होईल तो गावी गेला असं म्हणायचं. दुसरा शब्द काढायचा नाही. पौष लागल्यापासून आपले आणखी दोघे गावी गेले. सखुबाईला नियम मान्य नाही. परवा तराजू खाली ठेवून म्हणाली, "कुठल्या गावी रे मेल्यांनो? सोनापूरला?" (हल्ली सोनापूरच्या स्मशानात चितेला जागा मिळायला रांग लागते.) अप्पांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि डाव्या बाजूला कोण घ्यावा ते बोलायला लागले.

तर आपले उरले सात. अदलाबदल करून सातांचे सातच राहतात हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी बोललो नाही. गेल्या रविवारी आम्ही तिघे परळला चालत गेलो. वाटेत लालबागेत निम्मी दुकानं बंद. गिरणीवाल्यांच्या चाळीत शिरलो तर एकाआड एक दाराला कुलूप, आणि दारांवर म्युनिसिपालटीने लाल रंगाने काढलेली वर्तुळं. आत माणूस दगावला की एक काढतात. एका दारावर पाच होती. अप्पा थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्यांचा सराव बघा. दारावर गोल काढून नेम धरतात." दौलत हसला. मग मीही हसलो. अप्पा मात्र हसले नाहीत.

चाळीच्या टोकाला परळ संघाचे अण्णा मुकादम एकटेच बसून चेंडूची शिवण घालत होते. अप्पांनी रामराम केला आणि बसता बसताच सांगितलं, "आम्हाला तुमचा धोंडू पाहिजे."

"धोंडू मंगळवारी गेला," अण्णा म्हणाले.

"गावी?"

अण्णांनी शिवण ओढून घट्ट केली. मग दोरा दातांनी तोडून म्हणाले, "होय. गावीच." आणि चेंडू बाजूला ठेवून, "चौघं उरलेत माझे. चौघंही घेऊन जा. बदल्यात काही नको."

पंधरा दिवस मनात घासाघीस घोटून आलेल्या माणसाला असं फुकट मिळालं की राग येतो. अप्पा म्हणाले, "फुकट आम्ही घेत नाही. तुम्ही काहीतरी मागा, आम्ही नाही म्हणतो, मग बोलू." अण्णा म्हणाले, बरं, रामू द्या. दौलत म्हणाला, अजिबात नाही. अण्णा म्हणाले, मग चौघांतला एक कमी. असं अर्धा तास चाललं. अण्णा शेवटी शेवटी मांडीवर थाप मारून बोलायला लागले होते, आणि आवाज ऐकून दोन दारं किलकिली झाली. ठरलं ते असं, की त्यांचे चार आणि आपले सात मिळून एकच संघ करायचा. बरोबर अकरा! खेळायचं कोणाशी, हे मी वाटेत विचारलं. आता उरलेला संघ एकच, वरळीच्या कोळ्यांचा, आणि त्यांनी कोळीवाड्याच्या तोंडाशी होड्या आडव्या घातल्यात आणि बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, आतला बाहेर सोडत नाहीत. अप्पा म्हणाले, "मग ते मैदानात येणार नाहीत. पेला आपला."

सोमवारी रामूला ताप भरला. दौलतने कोणाला सांगितलं नाही, पण त्याने त्या सकाळी अप्पांची दाढी दोन ठिकाणी कापली, तेव्हा अप्पांनी ओळखलं. मंगळवारी दुपारी चार वाजता बातमी आली की डॉक्टरसाहेब दोन शिपाई घेऊन वाडीत घरं तपासतोय. ज्याच्या घरी ताप सापडला त्याला उचलून इस्पितळात नेतात, घरातलं सामान बाहेर काढून जाळतात. साहेब दोन घरं पलीकडे होता. रामूला लपवायला जागा नाही. तेव्हा अप्पांनीच डोकं चालवलं. आम्ही रामूला उचलून ओट्यावर आणला, अप्पांनी आपला कोट त्याला घातला, दौलतने डोक्याला पागोटं गुंडाळलं, आणि मांडीवरची सूज दिसू नये म्हणून सखुबाईने चण्याची टोपली त्याच्या मांडीवर ठेवली. भिंतीला टेकवून बसवला आणि आम्ही भांडायला लागलो. रोज भांडतो तेच, पण घसा फोडून. रामू द्यायचा की नाही द्यायचा!

साहेब आला, थांबला. शिपायाला विचारून त्याने भांडणाचं कारण समजून घेतलं, तेव्हा त्याचा चेहराच बदलला. तो म्हणे विलायतेत स्वतः खेळलेला. आमच्या ओट्यावर एक पाय ठेवून मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितलं की डावी बाजू भक्कम केल्याशिवाय पुढे गडी आणून उपयोग नाही. अप्पांनी त्याच्याशी वाद घातला. मग साहेबाने रामूकडे बोट दाखवलं. "हा का बोलत नाही?"

"साहेब, ह्यालाच आम्ही परळला देणार," अप्पा म्हणाले. "रुसलाय."

रामूने डोळे न उघडता म्हटलं, "मला परळ लांब पडेल."

साहेब मोठ्याने हसला. "रुसू दे. चांगला गडी रुसतो," म्हणाला आणि पुढच्या घरात शिरला. आम्ही त्या संध्याकाळी इतके हसलो की सखुबाईने पाणी आणून दिलं.

गुरुवारी सकाळी रामू गावी गेला. दौलत सुतकामुळे ओट्यावर चढत नाही, पण मत खालून देतो.

तेव्हा आता आपले सहा आणि परळचे चार. दहा होतात. अकरावा गडी पाहिजे, आणि तो उजव्या अंगाने पळणारा पाहिजे, यावर काल मंडळींचं एकमत झालं. (ओट्यावर एकमत झाल्याचं मला आठवतं ते हे पहिलंच.) हे पत्र मिळताच पहिल्या आगबोटीने निघून यावं. रथसप्तमी जवळ आली. बदल्यात कोणाला द्यायचं नाही, कारण देवगडात संघ नाही. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा,
कुशाबा

ता. क. अप्पा सांगतात की येताना पायाला तेल लावून चालण्याची सवय ठेव, महिनाभर बसून गडी जड होतो.

ता. क. दौलत म्हणतो, रामूचा सदरा धुऊन ठेवलाय. तुला तो आखूड होईल, तरी घालावा.

ता. क. हे पुढचं मंडळींना वाचून दाखवलेलं नाही. छापखान्यात बसून लिहितोय.

लहू, येऊ नकोस. सामना नाही. परळच्या चौघांपैकी दोघे काल गेले, अण्णांनी निरोप पाठवला. अप्पांना हे ठाऊक आहे, दौलतलाही. तरी पाच वाजले की दोघे ओट्यापाशी येऊन बघत बसतात, मी येतो की नाही ते. मी दिसलो की अप्पा लगेच म्हणतात, "तर डाव्या बाजूचं काय ठरलं?" मग मी बसतो. साहेबाच्या हाती रामूला दिला असता तर तो वाचला असता का, हे सखुबाईने एकदाच विचारलं. मला एकदा वाटतं, वाचला असता. मग वाटतं, नसता.

आता माझं खरं काम ऐक. मंगळवारच्या आगबोटीने तुळसा आणि नलूला पाठवतोय. बंदरावर आगबोटीतली माणसं उतरवणारा पडाव लागेल तेव्हा तू हजर राहा. मुंबईहून आलेल्यांना अडवतात म्हणे, तेव्हा गावच्या पाटलाला बरोबर घे. तुळसा मला सोडून निघायला तयार नव्हती, म्हणून आई फार आजारी आहे असं मी तिला सांगितलंय. आईला चार दिवस अंथरुणावर पडून राहायला सांग, आणि कण्हायला सांग. तुळसा चिडेल. चिडली तरी परत पाठवू नकोस.

मी का येत नाही असं विचारशील. रामूला उचलायला आम्ही तिघेच होतो. वाडीतलं दुसरं कोणी दाराबाहेर आलं नाही. चौथा खांदा द्यायला अण्णा परळहून चालत आले. ओट्यावर आता अकराचा हिशेब बोलायचा असतो, पण आम्ही सगळे मनात चारच मोजतो. मी गेलो तर अप्पांना न्यायला कोण, आणि दौलतला कोण?

तू धडधाकट आहेस, तसाच राहा. आणि एक लक्षात ठेव. एकटा पडल्यावर माणसाचा धीर कसा टिकेल ते सांगता येत नाही. पुढे कधी माझ्याच अक्षरात 'ये' असं पत्र आलं, तरी येऊ नकोस.