बारक्याची साडेचार वर्षं

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पोचला असं समज). तुझी कंबर कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतेस का, हे विचारत नाही, कारण तू हो म्हणणार आणि मला ते खरं धरावं लागणार. इकडे आम्ही खुशाल. म्हणजे चिरंजीव आणि सूनबाई खुशाल आहेत, मी तोंडावर पडलो आहे आणि बारक्या माझ्याशी बोलत नाही.

चिरंजीवांची बदली इकडे परदेशात झाली तेव्हा माझा हा नातू आपल्याकडचा शिशुवर्ग तीन वर्षं करून पहिलीच्या दारात उभा होता. बारापर्यंत पाढे तोंडपाठ. इथे येऊन बघतो तर सात पूर्ण झाल्याशिवाय पहिली नाही, तोवर बालवाडी! आपली तीन आणि इथलं दीड, झाली साडेचार वर्षं. अक्का, तेवढ्यात आमच्या वजनमापे खात्यात माणूस कायम होऊन त्याची दोनदा बदली होते. सूनबाई म्हणाली, असू दे हो बाबा, खेळेल. पण चौतीस वर्षं दुकानदारांचे काटे तपासलेल्या माणसाला मापात खोट दिसली की अन्न गोड लागत नाही. मला गप्प करायला चिरंजीवांनी कुठूनसा एक तक्ता काढून दाखवला, दोन्ही देशांतले मुलगे शाळेआधी सरासरी किती वर्षं काढतात त्याचा. (मुलींचा रकाना वेगळा होता. तो मी वाचला नाही, रागावू नकोस.) फरक जेमतेम वर्षाचा निघाला. मी म्हटलं, हा सरासरी मुलगा माझ्या ओळखीचा नाही, मी बारक्यापुरतं बोलतो. आणि बसलो स्वतःचा तक्ता आखायला. डावीकडे तिकडचं, उजवीकडे इकडचं. रोजचे तास, वजा सुट्ट्या, वजा सर्दीखोकला. खाली लाल शाईत निष्कर्ष: या मुलाला जादा माप घातलं जात आहे, सबब पहिलीत घ्यावं. चिरंजीवांनी कुरकुरत त्याचं भाषांतर केलं आणि मी ते शिक्षण कार्यालयाला धाडलं.

आता इथली एक पद्धत ऐक. नवं मूल बालवाडीत रुळेपर्यंत घरच्या एका माणसाने वर्गात बसायचं. आईबाप कामावर, म्हणजे मीच. मला मिळालेली खुर्ची वीतभर उंचीची. तिच्यावर बसणं सोपं आहे, उठणं नाही (त्यासाठी आता दोन पोरं नेमली आहेत). इथे काहीच शिकवत नाहीत याचा पुरावा गोळा करायला मी वही घेऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी लिहिलं: नऊ ते नऊ चाळीस, कोट काढणे. पुढे लिहिलं: पाणी ओतणे, सांडणे, पुसणे. मान वर केली तर आपला पाढेवाला दोन्ही हात पसरून दारात उभा. कोटाची बटणं कोणीतरी येऊन काढेल म्हणून वाट बघत! शेवटी दहापर्यंत आकडेही धड न येणारा एक पोरगा आला आणि त्याने ती काढून दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तिकडे तीन वर्षं त्याच्या सदऱ्याची बटणं मीच लावत होतो, खाली शाळेची बस थांबायची नाही म्हणून.

आठवड्याभरात तो स्वतः बटणं लावायला लागला. आणि तिकडे शाळेच्या वेळेला रोज सकाळी त्याचं पोट दुखायचं, आठवतं? (नाटकं करतो, असं मीच म्हणायचो.) इथे एकदाही दुखलं नाही. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता.

खरं तर बारक्या तिसऱ्या दिवशीच रुळला. आज सहावा आठवडा चालू आहे. मी कागद कापतो, मोजे शोधून देतो, वाळूतल्या बोगद्यांना परवानगी देतो. चिरंजीवांनी विचारलं तर बालवाडीच्या मोठ्या बाई सांगतात, अजून रुळायचंय. कोण, ते सांगत नाहीत.

अशात शुक्रवारी शिक्षण कार्यालयाचं पाकीट आलं. इतका चोख तक्ता त्यांनी म्हणे आजवर पाहिला नव्हता. अर्ज मंजूर! पुढच्या महिन्यापासून बारक्या पहिलीत. चिरंजीवांनी माझी पाठ थोपटली. बारक्याने चमचा खाली ठेवला आणि तो टेबलाखाली जाऊन बसला. तेव्हापासून आमचा सगळा व्यवहार त्याच्या आईमार्फत चालतो. "त्या आजोबांना सांग, माझी पेन्सिल द्या."

असो. चालायचंच. तू काळजी करू नकोस, तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कसली काळजी करू नकोस? करच! कार्यालयात विचारून आलो. मुलाच्या आधीच्या शिक्षिकेने लेखी दिलं तर निर्णय फिरतो म्हणतात. तू तीस वर्षं बालवाडी चालवलीस, बारक्या सुट्टीत महिनाभर तुझ्याकडे होता, तेवढी ओळख पुरे. सहीशिक्क्यानिशी लिही की मुलगा हुशार आहे, पण त्याला अजून खेळायचं आहे. आणि तक्ता करणाऱ्या आजोबांना यातलं ओ की ठो कळत नाही. हे दुसरं वाक्य, तक्ता वगळून, तू तीन वर्षांपूर्वी त्याला शिशुवर्गात घातलं तेव्हाच माझ्या तोंडावर म्हणाली होतीस आणि मी ऐकलं नव्हतं. चुकलो. आता हवं तेवढं लांबवून लिही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बारक्या आपण होऊन जवळ आला. मी म्हटलं, रडू नकोस रे, पहिलीतसुद्धा वाळू असेल. म्हणाला, वाळूचं नाही काही. पहिलीत घरच्या माणसाला बसू देत नाहीत. "मग तुम्ही दिवसभर कुठे बसणार?"

अक्का, तुझा तो दाखला साध्या टपालाने पाठवू नकोस.