सुंगाई बाराच्या अभंगाचा अर्थ

मेलकावेरी, कुंभकोणम्

तीर्थरूप गोदाक्कांस धाकट्या हरिकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इथे सगळे बरे आहोत, म्हणजे मंगलाचे गुडघे आणि माझा रक्तदाब सोडून. तुमच्या कानाच्या यंत्राचं काय झालं? फोनवर मी सांगतो त्यातलं अर्धं तुम्हाला ऐकू येतं, उरलेलं अर्धं तुम्ही स्वतः रचता आणि मग सगळ्या पुण्यात तेच पसरतं. म्हणून हे पत्र. सूनबाईंना मोठ्याने वाचायला सांगा. माझी मराठी ऐकून त्यांना हसू येईल (मागच्या खेपेला मी "जेवण केलों" म्हणालो तेव्हा त्या आत जाऊन हसल्या, मला दिसलं होतं), तर हसू द्या. आपले पूर्वज तंजावरला येताना जी मराठी घेऊन आले तीच आम्ही अजून वापरतो. त्यानंतर नवा माल कुणी पाठवलाच नाही.

विषय आपल्या सेतूराव आजोबांचा आहे. आपल्या घरातला इतिहास तुम्हाला पाठच आहे: आजोबा नागपट्टणहून बोटीने मलायाला गेले आणि तिथे इंग्रज कंपनीच्या कोळसा खाणीचे मॅनेजर झाले. पुरावा म्हणून दिवाणखान्यातला फोटो. डोक्यावर साहेबी टोपी, मागे धुरांडं, चेहऱ्यावर संपूर्ण खाण आपल्या नावावर असल्याचा भाव. अप्पांनी या फोटोच्या जोरावर तुमचं लग्न जमवलं, माझंही जमवलं. त्या गावाचं नाव सुंगाई बारा. (याचा आपल्या बाराशी संबंध नाही. त्यांच्या भाषेत बारा म्हणजे निखारा. तरी गावाचे बारा वाजायचे ते वाजलेच.)

तर मागच्या महिन्यात त्या सुंगाई बाराहून एक मुलगी इथे आली. शिवकामी तिचं नाव, तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. तिचे पणजोबा आपल्या शेजारच्या पट्टीश्वरम गावचे, खाणीत आत उतरून कोळसा फोडणारे. तमिळ आपल्यासारखंच बोलते, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ला" लावते, त्यामुळे मंगला दोन दिवस तिला "काय ला? कशाला?" असं विचारत होती. गावकऱ्यांनी मिळून तिथे छोटं संग्रहालय काढलं आहे, त्यासाठी ती माणसं शोधत फिरते. ती आधी गोविंदपुरमला गेली, विठ्ठल-रुक्मिणीच्या देवळात. तिथल्या भजनी मंडळींना तिने एक अभंग म्हणून दाखवला आणि विचारलं, हा कुणाच्या ओळखीचा आहे का? मंडळींनी डोकं खाजवलं. अभंगात विठ्ठल आहे, मराठीही आहे, पण हा कुठल्याच संताचा दिसत नाही म्हणाले. तिने सेतूरावांचं नाव सांगितल्यावर कुणीतरी तिला माझ्या दारात आणून सोडलं.

फोटो बघून ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अंकल, आमच्याकडे हे अजून आहेत ला." मला वाटलं, पुतळा असेल. पण आजोबा तिथे एका अभंगातून उरले होते. सुंगाई बाराच्या मजुरांच्या चाळीत आजोबांनी एकादशीचं भजन सुरू केलं होतं. ते भजन खाण चालू असताना झालं, जपानी आले तेव्हा झालं, आगगाड्या डिझेलवर गेल्या आणि खाण बंद पडली तरी झालं. तरुण माणसं क्वालालंपूरला गेली, बंगल्यांमध्ये वेली शिरल्या, खाणीच्या खड्ड्यांची तळी झाली आणि त्यात आता लोक मासे धरतात, पण उरलेल्या म्हाताऱ्या एकादशीला अजून तो अभंग म्हणतात. मराठीचा एक शब्द न येता. अक्का, माझी छाती किती फुगली म्हणून सांगू. मी लगेच आमच्या सत्संग सभेचे चिटणीस शंकरनारायण यांना फोन केला.

शंकरनारायण यांना तुम्ही ओळखत नाही. कुठल्याही गोष्टीचा समारंभ करता येईल का, एवढं एकच ते जगाकडे बघताना तपासतात. त्यांनी कल्याणमंडपात कार्यक्रम ठरवला. आधी शिवकामीचं गावाच्या इतिहासावर भाषण, मग ती अभंग म्हणणार आणि सेतूरावांचे नातू (म्हणजे मी) तमिळमधून अर्थ सांगणार. फलकावर "मलायातील कोळसा खाणीचे मॅनेजर व महाभक्त सेतूराव" असं छापलं. महाभक्त हे त्यांचं, मॅनेजर हे आपलं.

भाषण लोकांनी मुकाट्याने ऐकलं, कारण पायसम शेवटी होतं. मजूर जहाजाने कसे नेले, चाळींची छपरं कशी गळायची, एका पावसाळ्यात नदी खाणीत कशी शिरली आणि वर आलेल्यांनी खाली राहिलेल्यांना नावं घेऊन हाका कशा मारल्या, हे ती साध्या आवाजात सांगत होती. पट्टीश्वरमहून आलेली एक म्हातारी रडली. शंकरनारायण मला हळूच म्हणाले, "रायर (आपल्या रावांचं इथे रायर होतं, आठवतं ना?), जरा दुःखी होतंय. तुम्ही अर्थ सांगताना वर उचला."

मग तिने डोळे मिटून अभंग सुरू केला. आवाज फार गोड. उच्चार तमिळ, "विट्टला" वगैरे. पहिली ओळ ऐकून मी मान डोलावली. दुसऱ्या ओळीला माझी मान जागीच थांबली. तो अभंग असा:

छप्पर गळे विठ्ठला, ताटीं पडे पाणी ।
थोरला बोका साय खाई, आमुची रिकामी गोणी ॥
भातीं कोळसा, भाजींत कोळसा, कोळसा नाकीं कानीं ।
काटा त्याचा खोटा विठ्ठला, ऐक ही गाऱ्हाणीं ॥

मंडपात मराठी कळणारी आम्ही दोघंच. पहिल्या रांगेत बसलेल्या मंगलाने पदर तोंडात कोंबला होता. बाकी शेदीडशे लोक हात जोडून, डोळे मिटून, "भाजींत कोळसा" ऐकत होते. शंकरनारायण यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ध्वनिक्षेपक माझ्या हातात देण्यात आला.

आता मी काय करायला हवं होतं ते तुम्ही सांगाल. खरं सांगायला हवं होतं. पण समोर हात जोडलेली माणसं, मागे फलकावर महाभक्त. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "छप्पर म्हणजे हा देह." एकदा देह म्हटल्यावर पुढचं फार सोपं असतं, अक्का. या धंद्यात इतके लोक का शिरतात ते मला त्या दिवशी कळलं. गळणारं पाणी म्हणजे वासना. रिकामी गोणी म्हणजे वैराग्य. कोळसा म्हणजे पाप, ते भातातही आहे आणि भाजीतही, त्यापासून सुटका नाही. खोटा काटा म्हणजे जगाचा न्याय. बोक्यापाशी मी जरा अडलो, पण बोका म्हणजे अहंकार, साधकाच्या पुण्याची साय तोच खातो, असं म्हटल्यावर मंडपात "आहा" झालं. मी पाऊण तास बोललो. पायसम गार झालं तरी कुणी उठलं नाही. शंकरनारायण यांनी मला शाल घातली. शिवकामी कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघत होती. ती हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर पट्टीश्वरमला गेलो, तिच्या पणजोबांची गल्ली शोधायला. गल्ली सापडली, घर नाही सापडलं. तिथे आता सिमेंटच्या पोत्यांचं गोदाम आहे. आम्ही देवळाबाहेर चहा घेत बसलो. मी म्हणालो, "काल गाणं छान झालं."

ती म्हणाली, "अंकल, बोका म्हणजे अहंकार नाही ला. बोका म्हणजे कंपनीचा मॅनेजर."

मी ग्लास खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं. तिच्या पणजीने तिला लहानपणीच अर्थ सांगितला होता, तिथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना तो ठाऊक आहे. खाणीत एकदा मोठा संप झाला होता, त्यानंतरच्या दिवसांत चाळीत चार माणसं एकत्र बसली की कंपनीचे पहारेकरी येत. भजनाला मात्र परवानगी होती. आजोबा वजनाच्या काट्यावर कोळशाच्या गाड्या लिहून घेणारे कारकून. काट्यात खोट आहे हे त्यांना रोज दिसत होतं. मजुरांची गाऱ्हाणी त्यांनी मराठीत बांधली, कारण त्या गावात मराठी कुणालाच येत नव्हती, आणि एकेका ओळीचा अर्थ लोकांना कानात सांगितला. एकादशीला चारशे माणसं टाळ वाजवून मॅनेजरला बोका म्हणत. एकदा तो साहेब स्वतः येऊन खुर्चीवर बसला, पायाने ताल धरला आणि खूश होऊन त्याने पितळी टाळांचे जोड भेट दिले. ते टाळ आता संग्रहालयात आहेत. पुढे कुणीतरी तोंड उघडलं, आजोबांना बोटीत बसवून परत पाठवलं. आणि आपल्या घरात काय सांगत? थंडी मानवली नाही म्हणून आले. मलायात कसली थंडी, अक्का? आपण साठ वर्षांत एकदाही विचारलं नाही.

"तुला अर्थ ठाऊक होता तर मला का सांगू दिलास?" मी म्हणालो.

"तिथे तो अर्थ कुणाला मोठ्याने सांगता आला नाही," ती म्हणाली. "पणजी म्हणायची, सेतूरावांच्या घरचं कुणी भेटलं तर त्यांच्या तोंडून चारचौघांत ऐकायचा." मग म्हणाली, "तुम्ही चांगलं बोललात ला. फक्त ते आमचं नव्हतं."

मी चहाचे पैसे दिले आणि बसमध्ये पूर्ण रस्ता खिडकीतून भातशेतं बघत आलो. फोटोतली टोपी कुणाची असेल, याचाच विचार करत होतो. इतकी मोठी टोपी कारकुनाला कुणी दिली असेल?

संध्याकाळी मी सरळ शंकरनारायण यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, माझी चूक झाली, अभंगाचा अर्थ वेगळा आहे, सभेत सांगू द्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रायर, हा तुमचा विनय आहे." मी म्हटलं, विनय नाही, बोका म्हणजे खरोखर मॅनेजर आहे. ते जरा विचारात पडले. "म्हणजे या देहरूपी खाणीचा मॅनेजर," ते म्हणाले, "जीवात्मा. वा. हा पहिल्यापेक्षा खोल अर्थ आहे." येत्या एकादशीला यावर माझं दुसरं प्रवचन ठेवलं आहे. माझं पहिलं प्रवचन लोकांच्या फोनवर फिरतं आहे आणि परवा भाजीवालीने मला कोळसा म्हणजे पाप असं समजावून सांगितलं. मी दोन वांगी घेऊन परत आलो.

मी प्रवचनाला जाणार आहे. सरळ उभं राहून सांगणार आहे की छप्पर म्हणजे छप्पर. त्या छपराखाली पट्टीश्वरमची माणसं भिजत होती आणि माझ्या आजोबांनी ते बघितलं. शाल काढून घेतली तर घेवोत, तशीही ती उन्हाळ्यात कुठे घालणार? मंगला म्हणते, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला त्या फोटोतल्या माणसाबद्दल बरं वाटलं. तिने फोटोवरची धूळही पुसली.

सर्वांना यथायोग्य. औषधं वेळेवर घ्या. कळावे, लोभ आहेच, तो असाच ठेवा.

तुमचा,
हरी

ता. क. आता मूळ काम. संग्रहालयाच्या दाराशी एक काळा दगड बसवला आहे, त्यावर जुन्या माणसांची नावं आणि त्यांची कामं. मागच्या वर्षी त्यांचं आवाहन फोनवर फिरत आलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात, स्वतःचं नाव-पत्ता न देताच, "सेतूराव, मॅनेजर" असं कळवलं होतं. ते तसंच कोरलं गेलं आहे. म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांना एकादशीला आत जाताना आपले आजोबा बोका म्हणून वाचावे लागतात. शिवकामी म्हणते, दगड बदलायचा तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचं पत्र हवं. ते तुम्ही. दोन ओळी पुरेत: आजोबा मॅनेजर नव्हते, काट्यावरचे कारकून होते, आणि भजन त्यांनी बांधलं. पुण्यात तुम्ही चाळीस वर्षं काय सांगत आला आहात ते मला ठाऊक आहे. तुमच्या नातवाच्या, विघ्नेशच्या लग्नासाठी सूनबाईंनी काढलेल्या माहितीपत्रकातही "खापरपणजोबा मलायात मॅनेजर" असं आहे, तेही जाता जाता बघा.

ता. क. दुसरा. तुम्हाला हे लिहायला जड जाईल, म्हणून परवाच मी तुमच्या नावाने ते पत्र लिहून पाठवून दिलं. फार सुंदर लिहिलं आहे तुम्ही. वाचताना मंगला रडली. शिवकामी आभार मानायला या आठवड्यात फोन करेल, तेव्हा फक्त "हो" म्हणा.