झाकलेला ऑर्गन

मनामा, बहारीन, रमजान १९८६

डेस्मंड,

तुला मराठी येत नाही आणि आता तू जिवंतही नाहीस, म्हणून बिनधास्त लिहिते.

लंडनला सात कीबोर्डांच्या गराड्यात तू अर्धा तास एकच गाणं वाजवायचास. इथे हॉटेलात मात्र वाढदिवसांची गाणी. रमजानात तीही बंद. मग ऑर्गन चालू न करताच तू तुझं लांबलचक गाणं वाजवायचास. नुसती पट्ट्यांची खटखट. मी गायला तोंड उघडलं की म्हणायचास, "थांब पॅट्रिशिया, तुझी गायची जागा यायचीय." जागेआधी ईद यायची.

काल बंद लाउंजमध्ये तुझ्या ऑर्गनवरच्या चादरीखालून तीच खटखट आली. मॅनेजर म्हणाला, "उंदीर." उंदीर तालात नसतात. मग ती थांबली, कुणाची वाट पाहावी तशी.

रमजान आहे, म्हणून मी आवाज न काढता गायले. खटखट मागोमाग सुरू झाली.

अजून तुझीच गायिका,
वसईची पॅट्रिशिया