सुलभाजवळचं फुलपात्र

रविवार, २००६. संध्याकाळ.

आज परत तेच. गोल्फच्या मैदानावर होल, म्हणजे चेंडू घालायचा खड्डा, हातभर लांब, आणि शेवटचा हलका फटका चुकला. चेंडू कडेनं निघून गेला. सोबत खेळणारा साळोखे ओरडला, "डोकं वर उचलतोस लेका!"

मग १९९०च्या सुमाराला घरी सराव करताना कसं जमायचं? बायको, सुलभा, फरशीवर तांदूळ निवडत बसायची. तिच्याजवळ फुलपात्र आडवं ठेवायचो आणि मान खाली घालून चेंडू ढकलायचो. वर बघायचं नाही, फक्त ऐकायचं. टण्! बहुतेक वेळा व्हायचंच.

मघाशी तेच फुलपात्र काढलं. मान खाली. आवाजच नाही, चेंडू कपाटाखाली. परत मारला, परत कपाटाखाली. चिडून म्हणालो, "फुलपात्र तेच, फरशी तीच, मग बिघडलं काय?"

सुलभा सोफ्यावरून हसली. "माझं गुडघं बिघडल्यात की. खाली बसाय येत न्हाय. न्हायतर फुलपात्र चेंडूम्होरं सरकवलं असतं पायानं."

"म्हणजे तेव्हा तू..."

"मग? चेंडू आत गेल्याबिगार जेवाय कुठं उठत होता तुम्ही!"

इतकी वर्षं! राग यायला हवा होता, आला नाही.

फुलपात्र उचललं, सोफ्याजवळ ठेवलं, तिचा पाय पोचेल असं. आणि मान खाली घातली.

टण्!