धोंड्याच्या महिन्यातला फोन

कळंब

चि. कृष्णराजराव जावईबापू यांस वैजनाथ यांचे अनेक आशीर्वाद. तुमच्या तीर्थरूपांचे गुडघे आणि चि. सौ. दीपालीचा खोकला आता बरा असेल, असं धरून चालतो. आमच्या तब्येतीची चौकशी तुम्ही करणारच (दर रविवारी करता, दीपालीनं कोपरानं ढोसल्यावर), म्हणून आधीच सांगतो, की शुगर जागेवर आहे, घरातलं माणूस मात्र जागेवर नाही. फोनवरच बोललो असतो, पण दीपाली शेजारी बसून ऐकते.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं. पण तुम्ही पडलात पुण्याचे पुढारलेले जावई. आम्ही ताटात धोंडे वाढले आणि तुम्ही उलट आमच्याच हातात हा फोन ठेवलात. म्हणालात, यात मी वेगळी सिस्टीम टाकलीय, तुम्हाला विचारल्याशिवाय हा कुणाला काही सांगायचा नाही. खोटं बोलला नाहीत. फोन खरंच विचारतो. कॅमेरा देऊ का, माइक देऊ का, फोटो दाखवू का. लग्न झाल्यापासून या घरात माझी परवानगी कुणी मागितलेली नाही, त्यामुळे सुरुवातीला मी छाती फुगवून हिंडलो.

गेल्या उन्हाळ्यात मी एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडलो, तेव्हापासून तुमच्या सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून तुम्ही जाता जाता ते अ‍ॅप टाकून गेलात, मी कुठं आहे ते तिच्या फोनवर निळ्या ठिपक्यानं दिसावं म्हणून. पण तुमचा फोन जात्याच संशयी. लोकेशन 'नेहमी' द्यायचं, 'अ‍ॅप वापरत असताना' द्यायचं, 'फक्त या वेळी' द्यायचं की द्यायचंच नाही? शिवाय 'अचूक' की 'अंदाजे'? (तुम्हाला मुलगी देताना मी याच्या निम्मेसुद्धा प्रश्न विचारले नव्हते. चूक आता लक्षात येते.) मी 'नेहमी' दिलं, पण हात आखडता घेऊन 'अंदाजे'.

झालं असं, की तिच्या फोनवर ठिपक्याऐवजी भलंमोठं वर्तुळ उमटलं. त्यात कोर्ट होतं, धान्याचा बाजार होता, शाळा होत्या. सासूबाईंना दिसलं तेवढं स्टँडसमोरचं पेढ्याचं दुकान. लगेच फोन. "पेढ्याच्या दुकानात काय करायलाव?" मी तेव्हा न्हाव्यापुढं अर्ध्या गालाला साबण लावून बसलो होतो. शपथेवर सांगितलं. उत्तर आलं, "मग नकाशा काय खोटं बोलतोय व्हय?" नकाशा खोटं बोलत नव्हता, अंदाजे बोलत होता. पण अंदाजे बोललेलं त्या बाईला आजवर चाललेलं नाही.

मग मीही चिडलो. आळ खोटा येतोच आहे तर पेढा तरी खरा खावा, असं ठरवून परवानगी पार काढून टाकली, फोन गप्प केला आणि गेलो दुकानात. इकडं ठिपका नाही, वर्तुळ नाही, फोन उचलत नाही. तिला वाटलं, मी पुन्हा कुठंतरी कोसळलो. तिनं शेजारच्या महालिंगप्पाला स्टँडवर पिटाळलं. आणि जावईबापू, ज्या कर्ण्यावरून मी अख्खी नोकरी बसगाड्या पुकारल्या, त्याच कर्ण्यावरून मला पुकारलं गेलं, "वैजनाथ कंट्रोलर जिथं असतील तिथून घरी यावं, घरची माणसं घाबरलीत." माझ्या हातात दुसरा पेढा होता. दुकानदार बाहेर जाऊन मोठ्या अदबीनं ओरडला, "हितं हायती!"

घरी आलो तर ती भांडली नाही. भांडली असती तर निभावलं असतं. पिशवी भरता भरता एवढंच म्हणाली, "जित्ते हाव का न्हाय, एवढंच बगत व्हते मी. पेढं कोन मोजतंय?" आणि माकणीला भावाकडं निघून गेली. डोळे लाल होते तिचे. मला फार वाईट वाटलं.

बाकी इकडं उत्तम आहे. कुठं निघालात, कधी येणार, जेवलात का, कुणी विचारत नाही. तुम्ही सारखे म्हणायचा ती प्रायव्हसी हीच असावी. आमच्याकडं भरपूर झाली आहे, पुण्यात कमी पडत असेल तर कळवा, एसटीनं पार्सल करतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार, दीपालीला आशीर्वाद.

तुमचा सासरा,
वैजनाथ
(अचूक पत्ता पाकिटावर आहे.)

ता. क. : सेटिंग्जमध्ये शिरून मी आता 'नेहमी' आणि 'अचूक' दोन्ही करून ठेवलं आहे. बॅटरी वाचवायचंही बंद केलं आहे. समोरचं माणूस आपला ठिपका बघतं की नाही, हे आपल्याला कळायची काही सोय आहे का? काल संध्याकाळी मी मुद्दाम पेढ्याच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो. खाल्ला नाही. पण फोनही आला नाही.

ता. क. दुसरा : हे दीपालीला दाखवू नका. आणखी एक. नकाशात तुमच्या सासूबाईंचं नाव टाकून पाहिलं, तर हा फोन थेट उत्तर प्रदेशातल्या अयोध्येचा रस्ता दाखवतो. आमची अयोध्या माकणीत आहे. ती दिसायला कुणाची परवानगी घ्यावी लागते, तेवढं उलट टपाली कळवा.