बादलीतले देव

प्रिय ठमाबाई,

गेले काही दिवस मी दाढीच्या मगाने अंघोळ करत होतो, हे तुला कळवणं माझं कर्तव्य आहे. बादली देवांनी अडवली होती. तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरातलं एकही भांडं द्यायला साफ नकार दिला, तेव्हा सोड्याच्या कढत पाण्यात गणपती आणि अन्नपूर्णा माझ्याच बादलीत उतरले. ते आत निवांत, आणि घरचा कर्ता पुरुष गार नळाखाली उकिडवा. इतका अपमान माझा ऑफिसातही झाला नाही, आणि तिथे तर साहेब खास त्यासाठी पगार घेतात.

कारण तुझा तो पॉलिशवाला. आईला माझ्याकडे पोचवताना तू पितळी देव असे चकाकवून दिलेस, की मला वाटलं नळाच्या दुकानातून आलेत. वर लॅकरचा, त्या पारदर्शक वार्निशचा, जाड थर. "दादा, आता काळे पडायचे नाहीत, घासायची कटकट संपली." कटकट संपली, खरंच. पण आईला आता खिडकीतला उजेड तेवढा दिसतो. बाकी सगळं ती बोटांनी बघते. पहिल्याच सकाळी तिने अन्नपूर्णा हातात घेतली, चाचपली, उलटी केली आणि शेजारणीची वाटी चुकून आपल्याकडे आल्यासारखी खाली ठेवली. "कुणाची रे ही? निसरडी आहे. आपली नव्हे." मी शपथ घेतली, तर म्हणाली, "तुझ्या शपथा मी तू शाळेत असल्यापासून ऐकतेय." त्यानंतर तिने देवांकडे हात नेला नाही. नुसती हात मांडीवर ठेवून बसायची. ते मला बघवेना.

म्हणून ठरवलं, लॅकर उतरवायचं म्हणजे उतरवायचं. वहिनी म्हणाली, "ज्याला स्वतःचा कप विसळता येत नाही, तो देव उजळणार!" सोड्याच्या पाण्याने थर सुटला तेवढा सुटला, उरलेल्यासाठी गॅलरीत बसून थिनरचे बोळे फिरवले. अन्नपूर्णेच्या साडीच्या निऱ्यांत जुना मऊ टूथब्रश. भांडी घासायच्या पावडरीला मात्र हात लावला नाही. ती काळेपणाबरोबर नाकडोळेही घेऊन जाते. शेवटी चिंचेचा कोळ लावला आणि तेवढ्यात फोन आला. परत येतो तर गणपती तांबूस, माझ्यावरच चिडल्यासारखा. आईला सांगितलं, तर आतून आवाज, "लावायची आणि लगेच धुवायची! मुरत ठेवायला ते लोणचं आहे का? आणि पुसलंस का कोरडं? की सोडलंस तसंच ओलं?" ठमे, कित्येक दिवसांनी तिने मला असं झापलं. बरं वाटलं.

काल अन्नपूर्णा तिच्या हातात दिली. पॉलिशच्या चाकाने मूर्तीच्या पळीची धार गेली आहे, ती परत येणार नाही. पण आईचा अंगठा मागे गेला, मुकुटाखालच्या खाचेत बसला आणि तिथेच थांबला. "आलीस होय," म्हणाली. मला नव्हे, तिला. मग गणपतीचा सोंडेजवळचा पोचा सापडला. आणि लगेच विचारलं, "माझा रांगणारा कुठे आहे?"

रांगणारा तुझ्याकडे आहे. आई म्हणाली, "तिला लॅकरचं काही बोलू नकोस, बिचारीने हौसेने केलं." मी तिचा आज्ञाधारक मुलगा असल्याने लगेच लिहायला बसलो. कारण तू परवा फोनवर म्हणालीस, शनिवारी बाळकृष्णही त्याच पॉलिशवाल्याकडे देणार. देऊ नकोस. घासू नकोस, धुऊही नकोस, काळा असेल तसा कापडात गुंडाळून ठेव. शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी स्वतः न्यायला येतो. त्याच्या गुडघ्याची झीज आईच्या बोटांनी झाली आहे. ती कुठल्याही चाकाखाली जाऊ देणार नाही, मग तू माझ्याशी वर्षभर अबोला धर. यापुढे देव घासायचं काम माझं, तेही माझ्याच बादलीत.

आणि एक. या खटाटोपात माझी बोटं फुटली आहेत, पेन धरताना चुणचुणतात. तू ते आई तुझ्याकडे होती तोवर दर आठवड्याला करत होतीस, आणि घासायची कटकट का संपवावीशी वाटली, ते मी कधी विचारलं नव्हतं. येताना हाताला लावायचं मलम आणतो आहे, मोठी ट्यूब. चहाच्या आधी तुझे हात दाखव. लावून देईन.

तुझाच, चुणचुणत्या बोटांचा,
दादा