कुत्र्यासाठी म्हणून

तीर्थरूप आबांना लेकीचा वाकून नमस्कार.

आम्ही ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याला आराम पडला का? दुकानात दिवसभर उभे राहू नका.

ह्यांच्या अंगात रक्त नाही म्हटल्यावर तुम्ही बोकडाची तिल्ली खायला घाल म्हणालात. त्यासाठी इथली मटणाची चार दुकानं पालथी घातली. काचेमागे नुसतं बिनहाडाचं मांस. तुम्ही आजारी माणसासाठी जे आधी बाजूला काढून ठेवता, ते हे लोक फेकून देतात. पाचव्या दुकानातला खाटीक हसून म्हणाला, "कुत्र्यासाठी हवी का?" मी खाटकाची लेक, तरी लाजून हो म्हटलं. तेव्हापासून दर शनिवारी तो आठवणीने पुडकं बांधून ठेवतो. माणूस भला आहे, सुरी मात्र तुमच्यासारखी चालत नाही.

मी ती तव्यावर परतून, अगदी बारीक करून ह्यांना भरवत होते.

काल पुडकं देताना त्याने विचारलं, "कसा आहे तुमचा कुत्रा?"

आबा, माझ्या तोंडून निघून गेलं, "चार दिवस झाले, तोंडच उघडत नाही."

तो हळूच म्हणाला, "मग आता त्याचे हाल करू नका, ताई."

मी पुडकं घेतलं आणि घरी आले.

आईला मात्र हे दोन घास जास्त खातात असंच सांगा.

तुमची लेक